डोंगराचा पाढा

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहावं लागतंय. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक आहे, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस, मजकूर वाच. आणि "आजी, मी कामात होते" हे मला ऐकवू नकोस. रविवारी पहाटे कोणाला काम असतं? तू रुसली आहेस. रुसायला माझी ना नाही, पण तू तिकडे रुसून बसलीस आणि हा म्हातारा इकडे माझ्या डोक्यावर बसला आहे, त्याचं मी काय करू ते सांग. ती तुमची डोंगरातली शर्यत दोन आठवड्यांवर आली. एकाच डोंगराला चार फेऱ्या, बेचाळीस किलोमीटर, दगडधोंड्यांतून. आणि तुझे आजोबा ती एकट्याने पळणार म्हणून कालपर्यंत हटून बसले होते.

हे खूळ या घरात आणलं कोणी? तू. मान्य आहे, निवृत्त झाल्यापासून त्यांनी मला जगू दिलं नव्हतं. जन्मभर घाटात बस चालवली, आणि बस गेल्यावर मलाच चालवायला लागले. मी कांदा चिरत असले की मागून यायचे आणि म्हणायचे, "हळू, हळू, पुढे वळण आहे, बोट येईल मध्ये." मग तू ती बुटं घेऊन आलीस आणि म्हणालीस, "आजोबा, चला टेकडीवर." मला वाटलं, चला, दोन तास तरी स्वयंपाकघर माझं. दोन तासांचे चार झाले. आता या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत बुटं वाळताहेत, बुटांत रद्दी कोंबलेली. फ्रिजमध्ये भाजी बाहेर आणि पाय बुडवायचा बर्फ आत. न्हाणीत चिखल, गादीवर चिखल, परवा तर साखरेच्या डब्यात चिखल. त्यांना विचारलं तर म्हणे, "साखर मला लागते, ताकद येते." ताकद येते म्हणून हात न धुता?

तुमच्यात काय झालं ते मला तुम्ही दोघांनीही सांगितलं नाहीत. तुमच्याबरोबर पळणारा तो औषधांचा दुकानवाला आला होता, त्याने सांगितलं. म्हणाला, "काकू, ओढ्याच्या उतारावर ते पोरीवर जाऊन आदळले, दोघं पडली, आणि उलट तिलाच सगळ्यांदेखत झापलं." म्हाताऱ्याने म्हणे तुला सुनावलं, "वाटेत काय खांबासारखी उभी राहतेस? तुझ्यामुळे माझा वेग जातो. उद्यापासून मी एकटा पळणार." माझ्यावर आदळून कोणी मलाच असं बोललं असतं, तर मी रुसत बसले नसते, तिथल्या तिथे उतारावरून ढकललं असतं. तू निदान घरी तरी गेलीस. बापाला काही बोलली नाहीस, ते फार बरं केलंस. का, ते पुढे कळेल.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात आयुष्य काढलं. चादर कुठे भिजली आणि सदरा कुठे फाटला यावरून माणसाचं काय झालं असेल ते मी आणि माझी जोडीदारीण कामाच्या कंटाळ्यात ओळखत बसायचो, तो आमचा खेळच होता. ती सवय जात नाही. तर गेले काही महिने तुझ्या आजोबांचे कपडे धुताना बघते आहे. फाटतं ते डावं कोपर. रक्त लागतं ते डाव्या गुडघ्याला. चिखल डाव्या खांद्यावर. मी म्हटलं, "अहो, पडायचं तर आलटून पालटून पडा, कपडे तरी सारखे फाटतील." तर म्हणाले, "डोंगर तिकडे उतरतो." मी म्हटलं, जातानाही तिकडेच आणि येतानाही तिकडेच? त्यावर पेपर उघडून तोंडापुढे धरला. त्या पेपराचं पान पाऊण तास उलटलं नाही.

मग चहा. कप टेबलावर ठेवला म्हणून ठेवला, तो गेला खाली. तोही डावीकडे. आणि ओरडले माझ्यावर, की मी टेबल सरकवलं. ते टेबल माझ्या सासूने जिथे ठेवलं तिथेच आहे, त्याच्या पायांनी फरशीला खळगे पडलेत. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हटल्यावर तुझ्या लक्षात यायला हवं की मला काहीतरी कळलं होतं.

आणि न्हाणीतला तो पाढा. आंघोळीला गेले की मोठ्याने सुरू. "चढ, चढ, सुटे दगड, पाय उचल. मूळ, परत मूळ. इथे वाक. डावीकडे खड्डा, उजवीकडून धर. ओढा आला, सपाट दगड, मग उडी." रोज तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लहान पोरं कशी सतरा सत्ते म्हणतात मान हलवत, तसं. पहिल्यांदा मला वाटलं म्हातारपणी बसचे थांबे आठवताहेत. पण बसच्या वाटेत माणसाला वाकावं लागत नाही आणि उडीही मारावी लागत नाही.

शेवटी एक दिवस मी बरोबर गेले. गुडघे कुरकुरत होते, तरी पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसले. म्हटलं, मी बसते, तुम्ही पळा. ते पळाले, सपाटीवर छान पळाले, अगदी ऐटीत. वळणाआड गेले तशी मी उठले आणि झुडपाच्या कडेने बघितलं. चढ सुरू झाला आणि माणूस थांबला. एक पाय पुढे काढून दगड चाचपला, मग दुसरा टाकला. पुन्हा चाचपला. वीज गेल्यावर आपण घरात चालतो ना, तसं. वर लख्ख ऊन होतं, भिंगरी. त्या वाटेवरची मुंगी मला माझ्या या जुन्या चष्म्यातून दिसत होती. आणि हे तोंडाने पुटपुटत होते, सुटे दगड, पाय उचल. वाट दिसत नाही म्हणून वाट पाठ केली होती. मला राग आला, तो अजून आहे.

आता तू म्हणशील, मग बोललीस का नाहीस. काय बोलणार? या माणसाला डोळ्यांची घमेंड. दरवर्षी आगारात डोळे तपासायचे, आणि हे घरी येऊन सांगायचे की खालची सगळ्यात बारीक ओळ उलटी वाचली. तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी बुटं कुलपात घातली असती आणि यांना सोफ्यावर बसवून टीव्ही लावून दिला असता. त्या सोफ्यावर शेजारी मला बसायचं आहे, तुझ्या बापाला नाही. म्हणून मी दुसरंच केलं. शर्यतवाल्यांच्या कचेरीत गेले. म्हटलं, यांचं नाव गुपचूप खोडून यावं, आणि घरी सांगावं की वय जास्त म्हणून त्यांनीच घेतलं नाही. दोन दिवस शिव्या देतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

तिथे खिडकीत एक बाई होती, चष्मा डोक्यावर आणि तोंडात बिस्कीट. मी नाव सांगितलं तशी तिने मला बोलूच दिलं नाही. "बरं झालं आलात, आजी. आजोबांना निरोप द्या. ओढ्याकडची वाट खचली आहे, आता शर्यत खाणीच्या बाजूने जाणार." झालं. पाठ केलेला अर्धा पाढा पाण्यात. मला तिथे हसूच आलं, तिला वाटलं असेल म्हातारी येडी आहे. मग मी हळूच विचारलं, माझ्या शेजाऱ्यांना जरा कमी दिसतं, त्यांना पळायचं असेल तर? ती म्हणाली, मग त्यांच्या पुढे एक जण पळू दे, आम्ही त्याला पिवळं जाकीट देतो. पण आधी कळवावं लागतं, आणि ज्याला दिसत नाही त्याने स्वतः येऊन सांगावं लागतं. मी "बरं" म्हटलं आणि परत आले. नाव खोडायचं एक वाक्य होतं, ते तोंडातून निघालं नाही. का, ते विचारू नकोस. घरी येऊन सबंध दुपार भांडी आपटली.

खाणीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले, ते जेवायची वेळ टळली तरी पत्ता नाही. मग खाणीतला एक ट्रकवाला त्यांना दारात घेऊन आला. पूर्वी आगारात यांच्या हाताखाली क्लीनर होता म्हणे, अजून "उस्ताद" म्हणतो. दोन्ही तळहात सोललेले, हनुवटी फुटलेली. आजोबा आत गेल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, उस्ताद खाणीच्या अगदी कडेला बसले होते. उठेचनात. मी हाक मारली तर म्हणाले, कोण आहे? पुढे काय आहे ते सांग, मग उठतो." तो बिचारा रडवेला झाला होता. मी त्याला पाणी दिलं आणि घालवलं. मला त्याच्या रडण्याला वेळ नव्हता.

मी कापूस आणि औषध घेऊन बसले. आपणहून तेच सांगायला लागले. हिवाळ्याच्या आधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते, माझ्या नकळत. डावीकडचं आणि खालचं बरंच गेलंय, गेलेलं परत यायचं नाही, आहे ते टिकावं म्हणून थेंब घालायचे. थेंबांची बाटली पाने-पकडींच्या पेटीत लपवलेली, जशी काही दारूच. मी विचारलं, पळायचं काय म्हणाले डॉक्टर? तर खाली मान घालून म्हणाले, "पळा म्हणाले. पण एकटे पळू नका म्हणाले." ऐकलंस? डॉक्टर म्हणाला एकटे पळू नका, आणि या शहाण्याने काय केलं, जी एक पोरगी बरोबर पळत होती तिलाच हाकलून लावलं. मी म्हटलं, अहो, तुमचे डोळे गेले ते समजलं, डोकं कधी गेलं? तर म्हणाले, "तिला कळलं असतं." मग कळू दे की! "मग तिने मला हाताला धरून चालवलं असतं." जन्मभर लोकांना घाटातून चालवलं ना, आता कोणी यांना चालवायचं नाही. मी कापूस जरा जोरातच दाबला.

तर आता मुद्द्याचं. काल मी त्यांना त्या कचेरीत घेऊन गेले. पुढे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा म्हटलं, मी पायऱ्यांवर बसते. मग खिडकीशी गेले आणि त्या बाईला म्हणाले, "मला नीट दिसत नाही." एवढंच. इतक्या मोठ्याने म्हणाले की रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं. तिने विचारलं, पुढे कोण पळणार? तुझं नाव घ्यायला म्हाताऱ्याला तोंड नव्हतं. मग मी उठले आणि तुझं नाव देऊन आले, तुला न विचारता. त्यासाठी हे पत्र. आत्ता ते माझ्यासमोर बसलेत. घरातलं लिहिणं सगळं त्यांचंच असायचं, पण आता ओळीवर ओळ चढते, म्हणून मला म्हणाले, "तू लिही, मी माफी मागितली म्हणून." दर दोन मिनिटांनी विचारताहेत, लिहिलीस का? मी नाही लिहिणार. ज्याने तोडलं त्याने स्वतः तोंडाने मागावी, मी काय त्यांची कारकून आहे? तू रविवारी ये. त्यांना माफ कर किंवा करू नकोस, ते तुमचं तुम्ही बघा. त्यांच्याशी बोलायचं नसेल तर घरी एक शब्द बोलू नकोस, मी दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवायला वाढीन. हाताला मात्र धरायचं नाही. पुढे पळायचं, आणि दगड आला की दगड म्हणायचं, खड्डा आला की खड्डा. वाटल्यास रागाने म्हण. पण गप्प राहू नकोस.

तुझीच, आणि नाइलाजाने त्यांचीही,
आजी