घरच्या फुंकरीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा ताईत घडवणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. बाकी आयुष्य दबावाखालीच गेले, म्हणून हे वाक्य मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतले.

कलम १. घर आणि पुढच्या खोलीतली भट्टी, ऐरण, चिमटे मुलाला. त्याला एकही चिमटा धड धरता येत नाही, पण गिऱ्हाइकांना दाखवायला सगळे फार आवडते.

कलम २. फुंकणीबद्दल सविस्तर. आमच्या ताइतावर मोहरीहून बारीक चांदीचे रवे बसतात, तेही जोडायला झाळण, म्हणजे डागाचा धातू, न लावता. डिंकात तांब्याची पूड कालवून रवा ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत त्यावर न्यायची. क्षणभर सगळा ताईत चकाकतो, तेव्हा थांबायचे. एक फुंकर जास्त झाली की रवे सपाट. हे शेकडो वर्षांचे काम मला सासऱ्यांनी शिकवले, कारण नवऱ्याचा हात थरथरायचा. शिकवून झाल्यावर म्हणाले, "ताईत लागू पडतो तो या घरच्या फुंकरीनं. आता तू घर सोडायचं नाहीस." मला वाटले, कौतुक करतायत.

सत्तेचाळीस वर्षे मी एक रात्रही बाहेर राहिले नाही. दारात कोणी ना कोणी आजारी बाळ घेऊन उभे असायचे. बहिणीने शेवटच्या दुखण्यात चारदा निरोप पाठवला, "तासभर तरी ये." सासरे म्हणाले, "हातातला ताईत होऊ दे, मग जा." ताईत झाला तोवर ती गेली होती. याची माफी मी त्यांना दिलेली नाही, या कागदानेही देत नाही.

कलम ३. आता मुलाने तेच लोढणे सुनेच्या गळ्यात अडकवले आहे. तिला दुसऱ्या गावी धातू तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, सोमवारी हजर व्हायचे आहे. मुलगा म्हणतो, "आईनंतर फुंकर कोणाची? लोकांच्या लेकरांचं काय?" यावर उत्तर द्यायची तिची हिंमत होत नाही. माझीही झाली नव्हती.

म्हणून शपथेवर लिहिते: गेली अकरा वर्षे एकाही ताइताला माझी फुंकर लागलेली नाही. दम पुरेनासा झाला तेव्हा शेजारच्या किल्लीवाल्यांकडून पायाने दाबायचा पंप घेतला, नळी बाहीतून वर आणून फुंकणीला जोडली आणि गिऱ्हाइकांसमोर नुसते गाल फुगवत बसले. उतरायचे ते ताप उतरले. न उतरणारे आधीही उतरत नव्हते. लोक "तुमच्या फुंकरीचा गुण" म्हणायचे आणि मी मान डोलवायचे. लाज वाटायची. तेव्हाच बोलले असते तर सुटले असते. पण पंपाने भागते म्हटल्यावर या घरात माझे काय काम उरले, ही भीती मोठी होती.

कलम ४. पंप, नळी आणि रव्यांची कृती ज्याला शिकायची असेल त्याला द्यावी. सुनेला मी काहीही ठेवत नाही. काही ठेवले तर त्यासाठी ती थांबेल.

कलम ५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आजच, मी समोर बसलेली असताना, मुलाला वाचून दाखवावे. सोमवारपर्यंत मी मरेन याचा भरवसा नाही.

काल सून म्हणाली, "आई, तुम्हीपण चला ना. दोन खोल्या आहेत तिथे." मी हो म्हणाले, उठून कपाट उघडले आणि तशीच उभी राहिले. बाहेरगावी जाताना कपडे किती घ्यायचे, ते मला ठाऊक नव्हते. मी इथेच राहते आहे.

सही: (केली)
साक्षीदार: १. शेजारचे किल्लीवाले (पंप दिल्याचे कबूल) २. माझ्या छातीचे डॉक्टर
स्थळ: पुढची खोली
दिनांक: १४ मार्च, गुरुवार