यंत्राचा पत्ता: रतनप्रसाद, रेवदंडा बंदर

रेवदंडा,
आश्विन वद्य तृतीया, शके १८५६

चि. दत्तात्रेय यास केसरताईचे आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्यांच्या भांडणांवर पोसलेल्या माणसाची सहसा बिघडत नाही. चि. सौ. तुळशीचा खोकला थांबला का? नसल्यास तिला अडुळशाचा काढा द्यावा, आणि तू घरात थोडे कमी बोलावेस, म्हणजे तिला उत्तरे द्यावी लागणार नाहीत. इकडे माझा गुडघा आणि बंदराचा रस्ता सोडल्यास सर्व क्षेम.

पत्रास कारण नीराबाई. शिवदास कोळ्याची बायको (मागच्या खेपेस जिने आणलेल्या सुक्या कोळंबीच्या सोड्यांची तू तोंड भरून स्तुती केलीस आणि ते रांधणारीला विसरलास, तीच). बंदराच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन नागावपर्यंत विकायला जाणे संपले. मग तिने मुंबईच्या एका कंपनीकडून हप्त्यांनी शिवणयंत्र घेतले. त्याला वीस महिने झाले. वीस हप्ते वेळेवर दिले, चार उरले. आज अर्धा कोळीवाडा तिने शिवलेल्या चोळ्या-बंड्या घालतो. दिवाळीच्या चोळ्यांचे कापड कापून तिच्या ओटीवर पडले आहे, कापड लोकांचे, आणि यंत्र मात्र कंपनीच्या एजंटाने उचलले. एकही हप्ता चुकला नसताना! कारण ऐक.

खंडेनवमीला इथे हत्यारांची पूजा करतात हे तू मुंबईत राहून विसरला असशील. (तुझे हत्यार जीभ, तिला हळदकुंकू लावल्याचे ऐकिवात नाही.) शिवदासची पूजा होडीवर असते. जाळी, वल्ही, कोयते, सगळे तिथे मांडतात. या वर्षी त्याच्या मनात आले की यंत्रालाही न्यावे. मी म्हटले, अरे, त्याची पूजा घरीच कर. तर म्हणतो, “न्हाय बाय. घरातली समदी हत्यारं होरीवर, आन् यो एकलाच घरी? रुसंल त्यो. कमावतंय तर त्यो पन!” दोघा गड्यांनी यंत्र डोक्यावर घेतले, होडीत नेले, झेंडूची माळ घातली. नेमका त्याच वेळी कंपनीचा एजंट रामचंद्रराव हप्ता न्यायला बंदरावर हजर. हप्ता घेतला, खिशात घातला, प्रसाद खाल्ला, हात पुसले, आणि मग म्हणाला की करारातल्या सातव्या कलमान्वये यंत्र लेखी परवानगीशिवाय नेमल्या जागेवरून हलवले आहे, सबब यंत्र जप्त आणि दिलेले सर्व हप्तेही बुडाले.

नीराबाई लंगडत माझ्याकडे आली. मी छत्री घेतली आणि बंदरावर गेले. न वाचता कागदावर अंगठा देतेस कशी, असे मी तिला वाटेत चांगले खडसावले. “पन बाय, तवा तुमीच...” असे ती काहीसे बोलू लागली, पण ही वेळ वादाची नव्हे म्हणून मी तिला गप्प केले.

करार मागवून तिथेच वाचायला घेतला. अक्षरे सुक्या जवळ्याएवढी, आणि वासही साधारण तसाच. कलम चार: आग, पूर, उंदीर, दंगा आणि परमेश्वराची करणी यांनी यंत्राचे नुकसान झाल्यास जबाबदार नीराबाई. (परमेश्वराची जबाबदारी घेणारी इतकी समर्थ स्त्री आपल्या गावात आहे हे मला ठाऊक नव्हते.) कलम नऊ: कंपनीच्या माणसाला वाटेल तेव्हा घरात शिरण्याचा अधिकार. कलम अकरा: एजंट तोंडाने जे बोलेल, करील किंवा चालवून घेईल त्यास कंपनी बांधील नाही. दत्तू, हे कलम तू दोनदा वाच. त्या माणसाला पगार मिळतो तोच मुळी बोलण्याचा. “कलमं रिवाजापुरती असतात हो, नीराबाई,” असे बोलूनच त्याने अंगठा घेतला. आणि कंपनी म्हणते की त्याच्या बोलण्याला किंमत नाही! खोटे माप ठेवणाऱ्या वाण्याला आपल्याकडे शिक्षा आहे. खोटा कागद ठेवणाऱ्याला मात्र तुम्ही वकील लोक अशील म्हणता.

आता नेमलेली जागा कोणती, ते पाहिले. वर रामचंद्ररावांच्याच वळणदार हस्ताक्षरात पत्ता: “रतनप्रसाद, रेवदंडा बंदर.”

दत्तू, रतनप्रसाद हे शिवदासच्या होडीचे नाव! इथे कोळ्याला पत्ता विचारला की तो होडी सांगतो. टपालवालासुद्धा धक्क्यावर उभा राहून होडीच्याच नावाने हाक मारतो. या शहाण्याला वाटले बंगला असेल. म्हणजे यंत्र कराराप्रमाणे वीस महिन्यांत एकदाच योग्य जागी होते, नवमीच्या दिवशी, आणि तिथूनच याने ते उचलले! मी हे मोठ्याने वाचून दाखवले. बंदरावर जे हसू उठले त्याने बगळे उडाले.

पण माणूस पक्का. म्हणाला, “मग बाई, वीस महिने यंत्र भलत्याच जागी होतं म्हणायचं. हा तर मोठा भंग!” मी म्हटले, “दर महिन्याला त्याच भलत्या जागी, त्याच यंत्राला टेकून तुम्ही सोलकढी पीत होतात, तेव्हा का नाही बोललात?” त्याने शांतपणे अकराव्या कलमावर बोट ठेवले. तीस वर्षे मुली शिकवल्या, कॉलेजात मुलांना वादात हरवले, आणि एका शिवणयंत्रवाल्याने मला एका बोटाने हरवले.

शेवटी पाटलांना बोलावले. यंत्र सध्या चावडीत कुलपात आहे, माळेसकट. गुरुवारी कंपनीचा मोठा माणूस मुंबईहून येतो आहे.

तुझी,
केसरताई

ता. क. बुधवारी रेवसची बोट पकडून ये. फी मिळणार नाही, सोडे मिळतील. इतका अन्याय चालवून घेणारा कायदा असेल तर तो तू मला तोंडावर सांग, पत्राने नको.

दुसरा ता. क. करारावर साक्षीदाराची सही आहे. ती बाहेर येईलच, म्हणून आधीच कळवते: ती माझी आहे. मी तेव्हा सुटीत इथे आले होते, चष्मा अलिबागला राहिला होता, आणि रामचंद्ररावांनी माझ्या इंग्रजी उच्चारांची तारीफ केली होती. नीराबाईने वाचता येणाऱ्या माणसाच्या भरवशावर अंगठा दिला. वाचता येणाऱ्या माणसाने वाचले नाही.

तिसरा ता. क. त्याच दिवशी मीही एक यंत्र घेतले, त्याच कलमांवर. पत्ता माझ्या सुंदर इंग्रजीत: मुख्याध्यापिकेचे निवासस्थान, अलिबाग. मे महिन्यात निवृत्त होऊन मी ते बैलगाडीने इथे आणले, लेखी परवानगीशिवाय. गुरुवारी तो मोठा माणूस माझ्या घरी चहाला येण्याचा संभव असल्याने माझे यंत्र सध्या रतनप्रसादवर आहे. नीराबाई तिथे बसून दिवाळीच्या चोळ्या शिवते आहे, सात झाल्या. कायद्याने हे कसे दिसेल असे मी शिवदासला विचारले. तो म्हणतो, “कंपनीचा मानूस दिसला का होरी सोडतो, बाय. पान्यात कंचा पत्ता?”