कोरा करकरीत अर्ज

रविवार, ८ जून

दादोबा,

कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? आम्ही मजेत. दुकान जोरात चाललंय आणि आईचा आवाज त्याहून जोरात.

आधी हसून घे. खाडाखोड दिसली की अर्ज बाद, असं आमच्या बाईंनी दहादा बजावलं होतं. म्हणून मी अक्कल चालवली. मैत्रिणीचं खोडता येणारं पेन आणलं. घासलं की शाई गायब! कॉलेजचा अर्ज, फी माफीचा अर्ज, दोन्ही मोत्यासारख्या अक्षरात भरले. पण दप्तरात कागद चुरगळले. आई म्हणाली, "असे बोळे घेऊन जाणार? इस्त्रीवालीची पोरगी ना तू?" आणि वर सुती फडकं टाकून चांगली गरम इस्त्री फिरवली.

कागद एकदम कडक झाले. आणि कोरे! माझं नाव, मार्क, सगळं साफ. ती शाई उष्णतेनं उडते म्हणे. मी भोकाड पसरलं. आईचा चेहरा आधी पांढराफटक पडला. मग कागद उलटसुलट करून म्हणते कशी, "इतक्या वर्षांत असा एक डाग निघाला नाही बघ माझ्या हातून!" रडता रडता मला हसू फुटलं.

"बरंच झालं उडालं," ती म्हणाली. "पहिल्या पसंतीला चुकीचं कॉलेज लिहिलं होतंस."

म्हणजे तिनं वाचलं होतं. दादा, तुझ्या शहरातलं कॉलेज टाकलं म्हणून तुला फोनवर सांगितलं ना, ती थाप होती. जवळचंच टाकलं होतं. आई एकटी पडेल, कपड्यांचे गठ्ठे कोण उचलेल, हेच डोक्यात. तुला टोमणा मारत नाहीये हं.

"माझ्यासाठी थांबलीस तर रोज तुझ्यावर खेकसेन," आई म्हणाली. आत्ता काय वेगळं करतेस, असं विचारणार होते, पण तिचे डोळे भरले होते. माझेही.

मग साधं निळं पेन घेतलं आणि पहिल्या पसंतीला तुझ्या शहरातलं कॉलेज लिहिलं. मी एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा, तिनं शर्ट दाबत हुंकार द्यायचा. वसतिगृहाच्या पानावर आलो: तातडीच्या वेळी त्या शहरात कोणाला कळवायचं? माझं पेन अडलं. तुझं नि आईचं भांडण झाल्यापासून या घरात तुझं नाव मी दबकतच घेते.

"थांबलीस का? दादाचं लिही," आई म्हणाली.

नंबर बघायला मी फोन शोधू लागले. तर कॉलरवरची नजर न काढता तिनं नंबर सांगून टाकला. दहाच्या दहा आकडे, घडाघडा! एकदाही लावला नाही रे तिनं तो. पण पाठ आहे.

काल अर्ज देऊन आले. प्रवेश मिळेल तेव्हा मिळेल. ती काही फोन करणार नाही, तिचा हट्ट तुला ठाऊक आहे. तुझाही तसलाच. पण ती आई आहे, तेव्हा तू कर. आजच कर.

तुम्हा दोघांमध्ये उभी राहून दमलेली,
पण आज जाम खुशीत असलेली,
तुझी भुणभुण