आईचा अंगठा

लंडन, ९ जानेवारी १९५५

प्रिय दादा,

इथूनच घरच्या उंबऱ्याला हात लावतो. मी मजेत आहे, थंडी सोसते, भातही मिळतो. कातडी लाकडासारखी घट्ट करणाऱ्या ज्या रोगावर माझं संशोधन आहे, त्यावरून परवा भर सभेत मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडलो. सगुणावहिनीला सांग, आवाज अजून तसाच आहे.

आता सरळ विचारतो. तुझ्या प्रत्येक पत्राखाली आई अंगठा उठवते. तिच्या अंगठ्यावर चक्र आहे, लहानपणी आपणच पाहिलेलं. या वेळी पत्र भिंगाखाली धरलं, तर शंख! हा अंगठा कुणाचा, दादा? वहिनीचा?

दिवाळीत तूच लिहिलंस की गार पाण्यात हात घातला की आईची बोटं पांढरी पडतात. मिठागरातल्या मिठाने हात खाल्ले, म्हणालास. अरे, माझ्या रोग्यांचंही असंच सुरू होतं! तिची मूठ वळते का? कल्याणच्या डॉक्टरांना दाखवलंस का? माझा अभ्यास बुडेल म्हणून काही लपवू नकोस.

उलट टपाली आईचा अंगठा पाठव. पुसट उठला तरी चालेल, पण तिचाच हवा.

वाट पाहणारा,
भिवा