कर्नलची वाटी

१८ मार्च
सुपरवायझरने कंपनीची उरलेली डायरी दिली. मोठी माणसं लिहितात म्हणे. तर लिहितो.
काल आईचा फोन. नऊ एप्रिलला तालुक्याला सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं पलटणीत. शाळेत टिकलेल्या पोरांना हे नाही. त्यांनी शाळेतच तीन वर्षं सैनिकी कवायत केली, सुटले. मी सहावीतच शाळेतून सुटलो, म्हणून आता अडकलो. दोन वर्षं गेली म्हणजे फोर्कलिफ्टचं लायसन गेलं आणि इथली रायोंगच्या कारखान्यातली नोकरीपण गेली.
आई म्हणाली, वेशीवरच्या पूर्वजबाबाला बाजारातल्या एका कोंबडीचा नवस बोलते. मी म्हटलं, बाजारातली कशाला? लेकाने स्वतःच्या हाताने वाढवलेली बोल!  आई म्हणाली, खाम, नक्की ना रे? म्हटलं, बोलून टाक.

१९ मार्च
घरमालकीण बुआलाय मावशीकडूनच कोंबडी घेतली. तांबडी, पिवळे पाय, छाती काढून चालते. नाव ठेवलं कर्नल. नियम ठरवले. सकाळ, दुपार, संध्याकाळ ताजं पाणी. रोज वजन. रोज डायरी.

२४ मार्च
डायरी राहिली. वजन हातानेच केलं, वाढलंय. पाणी मावशी घालते. मी सांगितलं नव्हतं, तिचं तीच घालते. दोघांनी घालून काय उपयोग? मी खाण्याकडे लक्ष देतो. मका, चिकट भात, डुकराची चरबी.
मावशी म्हणाली, बाबा रे, अंडी देणारी कोंबडी आहे ती, कुस्तीला उतरवायचीय का? मी म्हटलं, मग पूर्वजबाबाने काय नुसती हाडं चघळायची? ती आत निघून गेली. म्हणजे पटलं.

२८ मार्च
ऊन फार. खुराडं फणसाखाली होतं ते उचलून भिंतीपाशी आणलं. फणसाखाली एक कुत्रं फिरतं, रिस्क नको. सावलीसाठी वर पत्रा टाकला. मावशी म्हणाली, खुराडं आहे का तवा? चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या म्हणून बोलायची सवय, दुसरं काय.
कर्नल चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. ताकद आलीय.

१ एप्रिल
एकेचाळीस अंश. कारखान्यात फळ्या उचलताना दोघं चक्कर येऊन पडले. मी नाही पडलो. बसलो होतो.
माझ्या स्कूटरचा आवाज आला की कर्नल जाळीपाशी येते. दुसऱ्या कुणाच्या स्कूटरला येत नाही, तपासून पाहिलं. शेजारच्या खोलीतला, आमच्याच कारखान्यातला चरान हसतो, कोंबडीशी गप्पा मारतोस म्हणून. गप्पा नाही मारत, माहिती देतो. आज तिला लायसनचा सगळा प्लॅन सांगितला. शेवटपर्यंत ऐकलं तिने. आईसुद्धा शेवटपर्यंत ऐकत नाही.

३ एप्रिल
मावशी लेकीकडे गेली, परवा सकाळी येणार. जाताना तीनदा बजावलं, खाम, आता पाणी तुझ्याकडे. पायरी उतरून परत वर आली आणि चौथ्यांदा बजावलं. मी काय लहान आहे?
बेचाळीस अंश. अंगात त्राण नाही. आल्याआल्या झोपलो. उठून कर्नलला मका टाकला.

४ एप्रिल, संध्याकाळ
हवा पालटली! वारा सुटला, गारठा आला. धोका टळला. कर्नल बसून होती. दमली असणार, उन्हाळा काढायचा म्हणजे चेष्टा नाही. सेलिब्रेशन म्हणून दुप्पट मका आणि चरबी. खाल्लं नाही, पण सकाळी खाईल. पाणी सकाळी पहिलं काम.

५ एप्रिल, दुपारची सुट्टी
मेली. सकाळी सहाला पाहिलं.
कुठे जखम नाही, रक्त नाही. तुरा जांभळा पडलेला. काल गारवा असताना? गारव्यात कोण मरतं? साप असेल. किंवा चरानची नजर, फार हसायचा.
मावशी आठला आली. पोट दाबून पाहिलं. म्हणाली, आत लोण्याचा गोळा झालाय हिचा. चार दिवस उन्हाने भाजलेलं काळीज, बंद पडलं असेल काल. मग खुराड्यात वाकून बघत बसली.  तेच जास्त लागलं.
कामावर आल्यापासून तीन फळ्या उलट्या रचल्या.

५ एप्रिल, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. नवसात असं आहे की कोंबडी माझ्या हातची. माझ्या हातचीच आहे. मेलेली चालणार नाही असं कुणी म्हटलं? नैवेद्याला उकडून ठेवतात तेव्हा जिवंत ठेवतात का? थर्मोकोलचा डबा आणि दोन पिशव्या बर्फ आणला. प्लॅन एकदम सेट.

७ एप्रिल, बसमध्ये
अकरा तासांचा रस्ता. डबा सीटखाली. सहाव्या तासाला बर्फ संपला. पुढच्या सीटवरची बाई नाक दाबून दोनदा वळली, म्हणाली, कुणाचं तरी पोर आजारी आहे वाटतं. मी खिडकीबाहेर बघितलं. पूर्वजबाबाला जाऊन दोनशे वर्षं झाली, त्याला वास येणार नाही.

८ एप्रिल
आईने झाकण उघडलं, लगेच लावलं.  फावडं घेतलं आणि चिंचेखाली खड्डा खणला. मी म्हटलं, आई, उद्या चिठ्ठी आहे, आता नवसाचं काय? लाल निघाली तर माझ्यामुळे. म्हणाली, जेव आधी.
जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
काळी निघाली.
मंडपात सगळे मला उचलून नाचले, आणि मी आईला शोधत होतो. म्हटलं, आई, कोंबडी कुठून देऊ आता? बाबा चिडला तर?
आई म्हणाली, कोंबडी मी बोललेच नव्हते. तुझ्या हातात कोंबडी जगेल, यावर तुझी दोन वर्षं लावू होय रे? मी विचारलं, मग काय बोललीस? म्हणाली, काळी निघाली तर लेक पावसाळा संपेपर्यंत भिक्खू होईल. केस काही उन्हाने मरत नाहीत.

१४ एप्रिल
नववर्ष. गावभर लोक एकमेकांवर पाण्याच्या बादल्या ओततायत. मी घरात बसलो. सुपरवायझरचा फोन आला, फोर्कलिफ्टवर चरानला बसवलं म्हणे.

१९ एप्रिल
आईने पहिली बट कापली, बाकीचं विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंनी. भुवयासुद्धा. पलटणीत भुवया तरी ठेवतात.
दुपारनंतर जेवण नाही. डायरी चालते का ते विचारलं नाही.
लोकांनी आणून सोडलेल्या तीसेक कोंबड्या इथे आवारात फिरतात. म्हाताऱ्या भिक्खूंनी मला काम दिलं, त्यांना दिवसातून तीन वेळा पाणी. आईने सांगितलं असणार. किंवा नसेल.
तीनही वेळा दिलं. जुनं ओतायचं, वाटी घासायची, गार भरायची. दोन मिनिटांचं काम आहे.
पाच तारखेला एक लिहायचं राहिलं होतं. मावशी खुराड्यात वाकून बघत बसली होती ती कर्नलची वाटी. कोरडी होती.