वीसपैकी सतरा

प्रिय बाबा,

काल भोपाळहून सैन्याच्या निवडीचं बोलावणं आलं. पुन्हा पाच दिवसांची निवड, पुन्हा मुलाखत. बारावीनंतर नाकारलं होतं, आता पदवीनंतर चेन्नईच्या अकादमीसाठी जाते आहे. जाण्याआधी तुम्हाला काही विचारायचं आहे.

त्या पहिल्या मुलाखतीत कर्नलसाहेबांनी विचारलं होतं, ‘‘दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव, बारावीला एकसष्ट. मधे काय झालं?’’ मग म्हणाले, ‘‘दहावीला गणित कोण शिकवायचं?’’ ‘‘माझे वडील. त्याच शाळेत.’’ ते हसले. वाईट नाही हसले. पण हसले.

घरी आले तेव्हा तुम्ही दवाखान्यातून नुकतेच परतला होतात. ‘जेवलीस का’ही विचारलं नाहीत. विचारलंत, ‘‘मार्कांचं काही निघालं का?’’ का, बाबा? तेच का?

आता पुन्हा तेच मार्क लिहून द्यायचे आहेत. मामा म्हणतो, ‘‘हौ, त्यात काय! वडील आजारी होते म्हणून सांग. साहेब लोक पघळतात.’’

‘‘बाबा परीक्षेनंतर आजारी पडले, मामा.’’

‘‘तारखा कोण बघतंय ग? ज्यादा हुशारी नक्को करूस.’’

मुलाखतीच्या क्लासचे सरही असंच काहीतरी शिकवतात. त्यांच्याकडे प्रत्येक घसरलेल्या मार्कासाठी एक आजार तयार असतो. मला दोघांचाही भरवसा वाटत नाही. तुमचा वाटायचा.

नल्लकुंट्याच्या घरी लोक अर्ध्या मार्कासाठी पेढे घेऊन यायचे. तुम्ही दारातूनच पेढे परत करायचात. आईला लाज वाटायची, मला अभिमान.

गेल्या आठवड्यात जामबागला देशपांडे सरांकडे गेले. तुमच्या शेजारच्या वर्गावर असायचे ते. दहावीला गणिताचे शाळेच्या हातात असलेले वीस मार्क कसे देतात, ते विचारलं.

‘‘कसे म्हणजे? सगळ्यांना वीसपैकी वीस. रिवाजच आहे बेटा. एक तुझे बाबा सोडून. तुला सतरा दिले होते त्यांनी. आम्ही म्हटलं, मास्तर, घरचा राग इथं काढताय काय?’’

‘‘पण मला वीस मिळाले, सर.’’

त्यांनी चष्मा काढला. ‘‘हेडमास्तरांनी बोलावलं होतं त्यांना. आत काय झालं, मला ठाऊक नाही. चहा घेणार?’’

बाबा, तुम्ही स्वतः खोडलेत? की दुसऱ्या कुणी खोडलं आणि तुम्ही गप्प बसलात? तीन मार्कांनी काहीच बिघडत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही सतरा दिले होते, म्हणजे मी किती पाण्यात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलंत? अकरावीत गणित कळेना, तेव्हा मी स्वतःला आळशी समजत राहिले. तुम्हीही समजू दिलंत!

दहावीच्या निकालाच्या दिवशी आईनं पेढे आणले. तुम्ही एकही खाल्ला नाहीत. शुगर आहे म्हणालात. शुगर तर दोन वर्षांनंतर निघाली, बाबा.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘गेलेल्या माणसाची तपासणी करू नये.’’ आणि उठून गेली. म्हणजे तिलाही माहीत आहे? की तिलाही नुसता संशय आहे?

ही माझी शेवटची खेप असेल. यानंतर पुन्हा अर्ज करणार नाही. मामाचं ऐकलं तर कदाचित निवड होईल. पण तुमचा आजार मी तिथे वापरणार नाही, हा शब्द देते. साहेबांनी विचारलं, तर सांगेन की दहावीचे तीन मार्क माझे नव्हते, आणि बारावीचे एकसष्ट पूर्ण माझे आहेत.

आणि त्यांनी पुढे विचारलं, वडील कसे होते, तर म्हणेन, कडक होते. प्रामाणिक होते का, ते मला अजून माहीत नाही.

तुमची,
मुक्ता