मुक्काम पुलाच्या अलीकडे

प्रिय वहिनी,

पत्र बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, आत पाल-झुरळ काही आहे का म्हणून. नाही टाकलंय. शप्पथ. फोन असताना पत्र कशाला, तेही कळेल, पण सलग वाच, शेवटाकडे उडी मारू नकोस.

इथं येऊन एकोणीस दिवस झाले. लॉजच्या एका खोलीत आम्ही सहा जण, सहा खाटा आणि एक खिडकी. खिडकीतून पूल दिसतो. पुलाच्या मधोमध फाटक, त्याच्या पलीकडे दुसरा देश आणि त्यात कुठंतरी कामाला गेलेला आपला दादा. रोज अकराला भोंग्यावरून नावं वाचतात. ज्यांची नावं येतात ते चालत अलीकडे येतात. आम्ही सगळे कठड्याला चिकटून माना उंच करतो, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आयांसारखे. परवापर्यंत दिवसाला चाळीस नावं यायची. काल सात आली. आज तीन.

तुला खरं सांगू, पेपरातलं माझं 'एकटा जीव' हे सदर म्हणजे निव्वळ थापा होत्या. वाळवंट, बर्फाळ घाट, सगळं मी आपल्या माळ्यावर पाय पसरून लिहिलं. तू खालून हाका मारायचीस आणि मी वर उंटावर असायचो. आयुष्यात खराखुरा एकट्यानं केलेला प्रवास हा पहिलाच. तीन बस बदलल्या, एका ट्रकच्या मागं पोत्यांवर बसून आलो. एकट्यानं फिरलं की माणूस स्वतःला भेटतो असं मी ऐटीत लिहायचो ना? भेटला. त्याला भेटून काडीचा आनंद झाला नाही.

संपादक फोन करतात, म्हणतात, आयता तिथं आहेस तर जागतिक घडामोडींवर काहीतरी खरडून पाठव. मला भूगोलात कधी पस्तीस पडले नाहीत आणि म्हणे जागतिक घडामोडी! तरी इथं बसून एक कळलंय. मोठ्यांची बोलणी सुरू झाली की फाटक बंद, फिसकटली की बंद आणि यशस्वी झाली तर आनंदाप्रीत्यर्थ अर्धा दिवस बंद. मागच्या सोमवारी लॉजच्या टीव्हीवर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले. अख्खी खोली टाळ्या वाजवत उठली. त्याच दुपारी पलीकडून धूर दिसला. मी लिहायला बसलो, 'यांचा खेळ होतो, लोकांचा जीव जातो.' वाक्य झकास जमलं. त्यापुढं एक अक्षर लिहवेना. कागद फाडून टाकला.

आता दादाचं. परवा त्याच्या मेसचा आचारी सुटून आला. म्हातारा आहे, म्हणून सोडला. मी रोजच्यासारखा दादाचा फोटो सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत होतो, त्यानं तो हातातच धरून ठेवला. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. चाळीस दिवसांपूर्वी सैनिक आले, कामगारांच्या शेड रिकाम्या केल्या, धडधाकट माणसं ट्रकमध्ये भरून नेली. दादा दुसऱ्या ट्रकमध्ये होता. त्यानंतर त्या ट्रकमधलं कुणी, कुणालाही, कुठंही दिसलेलं नाही. मी विचारलं, येईल ना? आचाऱ्यानं फोटो माझ्या हातात परत दिला.

वहिनी, आता बस जरा. उभी असशील तर बसून घे.

दादाची रजा मंजूर होती. सकाळी सहाच्या बसमध्ये त्याची जागा होती. आदल्या दिवशी मेसच्या फोनवर मुकादमाचा फोन आला, रजा रद्द, पुढच्या आठवड्यात बघू. दादा बरं साहेब म्हणाला, जागा दुसऱ्याला दिली आणि तसं तुला कळवलं. तो फोन मुकादमानं केला नव्हता. मी केला होता. मला त्याचा घोगरा आवाज हुबेहूब जमतो. दादा इतक्या गरीबपणे बरं साहेब म्हणाला की मी गादीवर पडून लोळून हसलो. संध्याकाळी सांगणार होतो, तर कॅरमची फायनल होती. घरी आलो तेव्हा तू तोंड पाडून बसली होतीस. म्हटलं, सकाळी दोघांना एकदम हसवू. सकाळी मी नऊला उठलो. दुपारी पूल बंद झाला.

आचारी म्हणाला, तिसऱ्या दिवशी दादानं मुकादमाला विचारलं. मुकादम शपथेवर म्हणाला, मी फोनच केला नाही. दादा हसला म्हणे, आणि आचाऱ्याला म्हणाला, आमच्या धाकट्याचे उद्योग आहेत. घरी बोलू नका, पोरगं हाय खाईल.

त्याचं ऐकून मी गप्प बसलोही असतो, तेवढा भित्रा मी आहे. पण परवा तुझा मेसेज आला. मुकादम मागच्या महिन्यात सुटून आला, तू त्याच्याविरुद्ध ऑफिसात अर्ज दिलास, त्याला कामावरून काढलं. त्याची बायको दारात आली तर तू दार लावून घेतलंस, आणि वर मला लिहिलंस की आमच्यासाठी जिवाचं रान करणारा तू एकटाच. तेवढ्यासाठी हे पत्र, वहिनी. फोनवर बोललो असतो तर हाही कुणाच्या तरी आवाजातला चावटपणा वाटला असता. अर्ज मागे घे. हेच पत्र ऑफिसात दाखव, सही केली आहे. मुकादमाच्या बायकोकडे जा. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, आणि तुला काय सांगायचं तेही नाही. उद्यापासून यादी बंद होणार असं आज भोंग्यावर सांगितलं. खोलीतले सगळे सामान बांधतायत. मी बांधलेलं नाही, कारण घरी यायचं तर तुझ्यासमोर यावं लागेल.

तुझाच, म्हणायचा हक्क उरला नाही तरी,
धाकटा